चढात मागे पडणारा एक आणि वर थांबून राहणारे पाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मित्र दोन महिन्यांनी ८० किलोमीटरची डोंगराळ सायकल राइड करणार आहेत, एकूण चढ १,४०० मीटर. विचारणारे सपाटीवर ताशी २२ च्या सरासरीने गटाबरोबर आरामात राहतात, पण चढ लागला की मागे पडतात. मागच्या राइडला दुसऱ्याच चढात मांड्यांत गोळे आले, बाकीचे वळणावळणावर थांबून राहिले आणि सगळ्यांचाच दिवस फुकट गेल्यासारखा झाला. स्वतःचं वजन ७५ किलो, सायकल १० किलोची, गिअर पुढे ५०/३४ दात्यांचे आणि मागे ११ ते २८ दात्यांचे. दोन किलो हलकी सायकल घेऊ, की या वेळी जाऊच नको, असं त्यांनी विचारलं आहे. शेवटी पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लिपवाल्या शूजबद्दलही एक ओळ आहे.

दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या तपशिलांवरून मला तीन गोष्टी दिसतात: चढाची सुरुवात तुम्ही दुसऱ्यांच्या वेगाने करता, तुमचा सगळ्यात हलका गिअर पुरेसा हलका नाही, आणि चढात एकत्र कसं राहायचं याची गटात काहीच बोली झालेली नाही. तिन्ही गोष्टी दोन महिन्यांत सुटतात. चढ नेमका किती तीव्र आहे, त्या दिवशी हवा कशी असेल, तुमची तब्येत आणि झोप कशी आहे, यावर पुढचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण त्यांच्यातला फरक तसाच राहतो, आणि आपल्याला तोच बघायचा आहे.

तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सात टक्के चढावर (शंभर मीटरला सात मीटर वर) ताशी ८ किलोमीटरने जायला पायांना साधारण १५० वॉट द्यावे लागतात. ताशी १० ने जायला १९० च्या आसपास, आणि १२ ने जायला २३०. म्हणजे मीटरवर वेग दोनने वाढलेला दिसतो, पण शरीराला चाळीस वॉट जास्त मोजावे लागतात. तासभर १६० वॉट देऊ शकणारा माणूस १५० वर तुटक बोलत का होईना, टिकून चढेल आणि १९० वर दहा-बारा मिनिटांत संपेल. पुढचा मित्र 'फक्त दोनने' जोरात जातोय असं वाटतं, म्हणून आपण त्याच्या चाकाला चिकटतो. तिथेच सगळं बिघडतं.

आणि चिकटून फायदा काहीच नसतो. सपाटीवर ताशी ३० ने जाताना दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, कारण तिथे बहुतेक ताकद हवेवर खर्च होते. सात टक्क्यांवर ताशी १० ला हवेसाठी जाणारी ताकद जेमतेम पाच वॉट असते. बाकी सगळी वजन वर उचलायला जाते, आणि ते वजन पुढचा मित्र उचलत नाही.

आता पुढचा हिशोब करा. आठ किलोमीटरचा चढ तुम्ही एकसारखा ताशी ८ ने चढलात तर बरोबर एक तास लागतो. पहिली दहा मिनिटं मित्रांबरोबर ताशी १० ने गेलात, मग दम तुटून वेग साडेसहावर आला, तर एक तास आठ मिनिटं लागतात. म्हणजे आठ मिनिटं उशीर झालाच, शिवाय पुढच्या चढासाठी मांड्या शिल्लक राहिल्या नाहीत. तुमचे गोळे बहुधा इथूनच आले आहेत. गोळ्यांचा दोष लोक लगेच मिठावर टाकतात. घाम जाऊन क्षार कमी होणं हे एक कारण असू शकतं, पण सवयीपेक्षा जास्त जोर जास्त वेळ लावल्याने स्नायू थकणं हे त्याहून नेहमीचं कारण आहे. गोळा आलाच तर थांबा, उतरा, तो स्नायू हळूहळू ताणून धरा, आणि नंतर दहा मिनिटं अगदी हलक्या गिअरवर जा. जोरात चोळून किंवा तसंच रेटून काही होत नाही.

हलक्या सायकलचा हिशोबही याच गणितात आहे. ८५ मधून २ किलो गेले म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. एका तासाच्या चढात वाचतात सव्वा ते दीड मिनिटं. सायकल आवडली म्हणून घ्या, हौसेला मोल नसतं. पण मागे पडण्यावरचा उपाय म्हणून घेऊ नका.

खर्च करायचाच असेल तर तो मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर करा. तुमचा सगळ्यात हलका गिअर आहे ३४ आणि २८, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. ताशी ८ ला यावर पेडल मिनिटाला ५२ वेळा फिरतं. चढात ६५ ते ८० फेरे बरे असतात, ६० चालून जातात. पन्नासच्या खाली प्रत्येक दाबाला गुडघा आणि मांडी जास्त जोर लावतात आणि लवकर दमतात. मागे ३४ दात्यांची कॅसेट लावलीत तर त्याच वेगाला फेरे ६३ च्या आसपास येतात. पुढे ४६/३० चा सेट असेल तर ७१. बारा टक्क्यांच्या तुकड्यावर फरक आणखी जाणवतो: तिथे ताशी ६ ने जाताना तुमच्या आत्ताच्या गिअरवर फेरे चाळिशीच्याही खाली जातात. तेवढ्या फेऱ्यांना सायकल सरळ ठेवणंही कठीण जातं आणि माणूस नागमोडी जायला लागतो. मागून गाडी येत असेल तर ते धोक्याचं आहे.

कॅसेट बदलताना एक गोष्ट हमखास राहून जाते. मागच्या डिरेल्युरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) दोन मर्यादा असतात: तो जास्तीत जास्त किती दात्यांपर्यंत चढू शकतो आणि एकूण किती ढिली चेन ओढून धरू शकतो. दुसरा आकडा काढायला पुढच्या दोन चकत्यांतला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चकत्यांतला फरक यांची बेरीज करतात. तुमच्याकडे आत्ता १६ अधिक १७, म्हणजे ३३ आहे. ११-३४ लावली की १६ अधिक २३, म्हणजे ३९ होते. आखूड केजचा (चेन ताणून धरणारा खालचा हात) डिरेल्युर सहसा एवढं पेलत नाही, लांब केजचा लागतो. त्याच्या मॉडेलचे दोन्ही आकडे बघितल्याशिवाय कॅसेट घेऊ नका. चेनही नवी आणि लांब लागेल. जुनीच चेन ठेवली आणि चुकून पुढे मोठी, मागे मोठी चकती पडली, तर चेन ताणून डिरेल्युर उखडला जातो. काम झाल्यावर मेकॅनिकसमोरच, सायकल स्टँडवर असताना, हळू हाताने ती जोडी लावून बघा.

त्याच वेळी हँगर, म्हणजे डिरेल्युर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, सरळ आहे का तेही तपासून घ्या. सायकल उजव्या बाजूला एकदा आपटली तरी तो किंचित आत वाकतो, आणि सपाटीवर काही कळत नाही. तीव्र चढावर तुम्ही शेवटचा गिअर टाकता तेव्हा चेन कॅसेट ओलांडून स्पोकमध्ये जाते आणि राइड तिथेच संपते. हँगर सरळ केल्यावरच आतल्या बाजूचा मर्यादा स्क्रू लावायचा असतो, उलट क्रमाने केलेलं टिकत नाही.

पुढची लहान चकती चढ सुरू व्हायच्या आधी टाका. मांड्या पूर्ण जोरात असताना बदलली की चेन आतल्या बाजूला पडते. बदलताना अर्धा फेरा पाय हलका सोडा, आणि त्याच वेळी मागे दोन चकत्या जड करा, म्हणजे पाय एकदम रिकामे फिरत नाहीत.

मार्गाचा नकाशा उघडलात की सरासरीवर विसंबू नका. चढाचा आलेख किलोमीटरवार बघा. फ्रान्समधला आल्प द्युएझ हा १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्क्यांचा आणि २१ वळणांचा चढ. पण त्याचे पहिले दोन किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे सरासरी बघून आलेला माणूस तळालाच खर्ची पडतो. फ्रान्समधलाच माँ वाँतू हा डोंगर बेद्वाँ गावाकडून चढलं तर उलटं होतं. पहिले पाच-सहा किलोमीटर इतके सौम्य की आज पाय फारच चांगले आहेत असं वाटतं, आणि मग जंगलात शिरल्यावर नऊ-दहा टक्के सुरू होतात ते किलोमीटरमागून किलोमीटर संपत नाहीत. तुमच्या मार्गावरचा प्रत्येक चढ या दोनपैकी कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा, आणि हँडलच्या स्टेमवर कागदाची पट्टी चिकटवा: चढ कुठे सुरू होतो, किती लांब, सगळ्यात वाईट तुकडा कुठे. एकूण चढाचा आकडा वेगवेगळ्या ॲपमध्ये शंभर-दोनशे मीटरने वेगळा येतो, त्याने घाबरू नका. पण ८० किलोमीटरमध्ये १,४०० म्हणजे किलोमीटरला साडेसतरा मीटर. ही कठीण राइड आहे, हे सहाही जणांनी मान्य करून निघावं.

प्रत्यक्ष चढताना पहिली दहा मिनिटं अशी जा की एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. हृदयाचे ठोके जोराच्या मागून दोन-तीन मिनिटांनी वाढतात, त्यामुळे सुरुवातीला घड्याळावरचा आकडा तुम्हाला फसवतो. श्वास जास्त खरं सांगतो. मधल्या भागात वाक्य तुटून तीन-चार शब्दांवर आलं तरी चालेल. एक-एक शब्द निघायला लागला की गिअर हलका करा, आणि गिअर उरलाच नसेल तर वेग सोडा. जोर लावायची हौस असेल तर ती शेवटच्या चढाच्या शेवटच्या तिसऱ्या भागासाठी राखून ठेवा.

बहुतेक वेळ बसूनच चढा. उभं राहणं पाठ मोकळी करायला आणि छोट्या तीव्र तुकड्याला ठीक आहे. उभं राहण्याआधी गिअर एक-दोनने जड करा, आणि एक पाय खाली जोर देत असतानाच उठा. नाहीतर सायकल क्षणभर मागे सरकते आणि तुमच्या मागे चिकटून येणाऱ्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागतं. चढात मित्र पडतात ते बऱ्याचदा असेच. बारा-चौदा टक्क्यांच्या तुकड्यावर उतरून चालत गेलात तरी वेळेत फार फरक पडत नाही: तुम्ही ताशी सहाने घासत जाणार होतात, चालत चारने जाल. तीनशे मीटरला दीड मिनिट जास्त. पुढे दोन चढ बाकी असताना हा सौदा मी तरी करीन.

आता गटाकडे येतो. बिघाड इथे सगळ्यात जास्त होतो आणि यावर खर्च शून्य आहे.

वरचे वेग पूर्ण राइडला लावून बघा. १,४०० मीटर सरासरी सात टक्क्यांनी म्हणजे २० किलोमीटरचा चढ. तुम्हाला त्याला अडीच तास लागतील, ताशी १० ने जाणाऱ्यांना दोन तास. म्हणजे अख्ख्या दिवसात तुमच्यामुळे होणारा उशीर अर्ध्या तासाचा आहे. पाच-सहा तासांच्या राइडमध्ये हा काही मोठा गुन्हा नाही. मागच्या वेळी तो मोठा वाटला, कारण तो प्रत्येक वळणावर तुकड्यातुकड्याने मोजला गेला. पुढचे थांबतात, गार पडतात. तुम्ही धापा टाकत पोचता. तुम्हाला बघून ते लगेच निघतात. सगळ्यात दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती, असा उफराटा प्रकार होतो.

म्हणून बोली अशी करा. चढात प्रत्येकजण आपापल्या वेगाने जाईल, कुणी कुणासाठी रेंगाळणार नाही आणि कुणी कुणाला 'चल चल' म्हणून ओढणार नाही. थांबायची जागा फक्त चढाच्या माथ्यावर आणि रस्ता फुटतो तिथे. जागा आधीच नकाशावर ठरवा: रस्त्याच्या कडेला सहा सायकली पूर्ण बाहेर मावतील अशी, वळणापासून दूर, दोन्हीकडून दिसणारी. वळणाच्या आतल्या कुशीत थांबणं बंद. निघायचं कधी, हे शेवटी पोचलेला माणूस ठरवेल आणि तो पोचल्यावर किमान पाच मिनिटं कुणी पेडलवर पाय ठेवणार नाही. रस्ता फुटतो तिथे पुढचा माणूस मागचा नजरेला पडेपर्यंत उभा राहील, मग तो मागचा उभा राहील, असं शेवटच्यापर्यंत.

यापेक्षाही चांगली पद्धत म्हणजे तुम्हाला आधी सोडणं. चढाच्या पायथ्याशी बाकीचे पाणी भरतात, टायर बघतात, फोटो काढतात. तुम्ही दहा मिनिटं आधी निघा. आठ किलोमीटरच्या चढाला तुमच्यात आणि त्यांच्यात बारा मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे सगळे माथ्यावर जवळपास एकाच वेळी येतात. वाटेत ते तुम्हाला गाठतात तेव्हा दोन शब्द होतात आणि ते पुढे जातात. मागे पडत जाण्यापेक्षा मनाला हे फार सोपं जातं. जोरकस मित्रांनाही आवडतं, कारण त्यांना पकडायला कुणीतरी पुढे असतं. गटात दोघे हळू असतील तर दोघांना एकत्र सोडा, पण त्यांनाही शेजारी-शेजारी जाण्याची सक्ती नको.

सपाटीवर मात्र एकत्र राहा आणि तिथे तुम्ही पुढे येऊ नका. संकोच वाटून बरेच हळू चढणारे सपाटीवर 'मी पण ओढतो' म्हणत वाऱ्याला छाती देतात आणि पुढच्या चढाला रिकामे पोचतात. गटाने तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवावं. ताकदवान मित्रांनी जास्त वेळ पुढे राहावं, ही मेहरबानी नाही. अख्खा गट लवकर घरी पोचायचा तोच उपाय आहे.

सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस ठेवा, त्याच्याकडे पंप आणि हत्यारं. त्याने तुमच्या शेजारी येऊन अर्धं चाक पुढे काढत राहू नये, तीस-चाळीस मीटर मागे राहावं. डोंगरात फोनला रेंज नसते हे धरून चाला आणि वेळ ठरवा: शेवटची जोडी अंदाजापेक्षा वीस मिनिटं उशिरा असेल तर माथ्यावरून दोघे खाली बघायला जातील. परत फिरण्याची वेळही आधीच ठरवा. अंधार पडायच्या किमान दीड तास आधी शेवटचा उतार संपला पाहिजे. अमुक वाजेपर्यंत अमुक फाट्यावर पोचलो नाही तर जवळचा रस्ता धरायचा, हे सकाळी ताज्या डोक्याने ठरवलेलं बरं. दुपारी दमलेल्या डोक्याने वाद होतात.

खाण्यापिण्याबद्दल. पाच तासांच्या राइडला तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची. सवय नसेल तर चाळीसपासून सुरू करा, पोटालाही सराव लागतो. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. अर्ध्या लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम साखर सोसते, त्याहून घट्ट केलं की पोटात गुडगुड सुरू होते. पहिलं खाणं पाऊण तासाच्या आत, भूक लागायची वाट न बघता. स्नायू आणि यकृतातला साठा संपला की डोकं जड, हातपाय गळालेले, अकारण चिडचिड असं होतं, आणि मग खाल्लेलं लागू पडायला वीस-तीस मिनिटं जातात. चढ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी खा, तीव्र चढात चावता येत नाही. पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर, उन्हात वरच्या बाजूला. चढात वेग कमी असल्याने वारा लागत नाही आणि घाम अंगावरच राहतो, म्हणून सपाटीपेक्षा जास्त लागतं. एका लिटरला पाव चमचा मीठ म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम, एवढं पुरे. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. नुसतं साधं पाणी लिटरमागून लिटर ढोसणंही घातक ठरू शकतं.

उताराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण चढात दमलेला माणूस पडतो तो उतारात. आठ किलोमीटरच्या त्याच रस्त्याने खाली येताना ८५ किलोंमधून निघणारी ऊर्जा सुमारे १.४ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवेल. ती एकतर हवेत जाते नाहीतर ब्रेकमध्ये. ताशी ४० ला सात टक्क्यांवर निम्मा रेटा हवाच अडवते. ताशी १५ ला हवा जेमतेम सात टक्के अडवते आणि जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे जो घाबरून पूर्ण उतार ब्रेक दाबून येतो त्याचेच ब्रेक सगळ्यात जास्त तापतात. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, कार्बन रिम खराब होते. डिस्क असेल तर पॅड चकचकीत होऊन पकड जाते आणि तेलाचे ब्रेक असतील तर लिव्हर पोकळ लागायला लागतो. उपाय म्हणजे वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठाम दाबायचे, वेग उतरला की पूर्ण सोडायचे, वळणात शिरताना बोटं नुसती लिव्हरवर. हळूच यायचं असेल तर खुशाल या, पण मध्ये दोन वेळा थांबून ब्रेक निवू द्या. डिस्कला हात लावून बघू नका.

हँडल खालच्या वळणदार भागात धरा, तिथून लिव्हरवर जास्त जोर मिळतो. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्याच्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणाच्या आतल्या कडेला खडी साठते. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक लागतच नाहीत, ते अंतर हिशोबात धरा. उतारात गटाने दोन सायकलींमध्ये किमान तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, जो उतारात सराईत तो पुढे, आणि समोर न दिसणाऱ्या वळणात आपली बाजू सोडायची नाही. माथ्यावर घामाने भिजलेले असताना जॅकेट चढवा; गार पडलेली बोटं ब्रेक नीट दाबत नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक पॅड बघा. डिस्कच्या पॅडचा घासणारा थर एक मिलीमीटरवर आला असेल तर बदला, राइडच्या आदल्या रात्री बदलू नका, कारण नवे पॅड थोडे घासून बसवावे लागतात. २८ मिलीमीटरच्या ट्यूबवाल्या टायरला तुमच्या वजनाला मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास ठीक. रिम हुकलेस (टायर अडकवायची आतली कडा नसलेली) असेल तर ७२ च्या वर जायचंच नाही. सामानात प्रत्येकाने आपल्या चाकाला बसणाऱ्या दोन ट्यूब घ्याव्या, कारण रिम खोल असेल तर दुसऱ्याच्या ट्यूबचा आखूड व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही. गटात मिळून चेन तोडायचं हत्यार, चेनच्या स्पीडला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), टायर चिरला तर आतून लावायचा तुकडा आणि दोन पंप. हँगर मात्र ज्याचा त्याने आपल्या मॉडेलचा न्यावा.

सरावाला आठ आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून एक दिवस चढाचा: तीन-चार शब्दांचं वाक्य जमेल अशा जोराने आठ मिनिटं, मध्ये पाच मिनिटं सैल, असं तीनदा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत वीस-वीस मिनिटांचे दोन. जवळ डोंगर नसेल तर समोरून वारा येणारा लांब रस्ता किंवा घरात सायकल जागेवरच चालवायचा ट्रेनर चालतो. पहिला प्रयत्न जेवढ्या वेगाने केला तेवढ्याच वेगाने शेवटचा झाला पाहिजे; वेग पडला तर पहिला जास्त जोरात गेला होता. यातून पाय जितके तयार होतात तितकाच अंदाजही तयार होतो, आणि तुम्हाला सध्या अंदाजाची जास्त गरज आहे. एक दिवस सावकाश लांब राइड, खाण्यापिण्याचा सराव तिच्यातच. एक-दोन दिवस तासभर हलकं. चौथा आठवडा हलका ठेवा. दोन आठवडे आधी १,००० मीटर चढ असलेली एक राइड करा आणि त्यात दुसरा चढ पहिल्याइतक्याच वेळात जमतो का बघा. जमला तर १,४०० जमतील. शेवटच्या आठवड्यात दोन छोट्या राइड, बाकी झोप. छातीत दुखणं, चक्कर, हातात मुंग्या असं काही सरावात जाणवलं तर आधी डॉक्टर, मग डोंगर.

कॅसेट पहिल्या आठवड्यातच बदला, म्हणजे सगळा सराव नव्या गिअरवर होईल. मित्रांशी बोलणंही आत्ताच उरका. थांबायच्या जागा आणि दहा मिनिटं आधी सुटण्याची गोष्ट त्यांना लिहूनच पाठवा.

राहिला शूजचा प्रश्न. क्लिपचे शूज चढात जादूने वेग देत नाहीत, पाय पेडलवरून घसरत नाही एवढाच खरा फायदा. आत्ता वापरत नसाल तर या राइडसाठी सुरू करू नका. तीव्र चढावर ताशी पाचला तोल गेला आणि पाय वेळेत सुटला नाही तर माणूस उभ्याने आडवा होतो. सवय असेल तर घाला, पण पेडलमध्ये अडकणारा तुकडा तळव्यात आत बसलेले, चालता येतील असे माउंटन बाइकवाले घ्या. बारा टक्क्यांवर उतरावं लागलं तर तेच कामाला येतील.